प्रोटॉनची बंडी

संत्रं सोललं की अमरावतीच्या कॉलेजातली, साठच्या दशकातली माझी एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा आठवते. पुण्याच्या परीक्षकांनी विचारलं, "दोन प्रोटॉन नुसते जवळून गेले, तर नवे कण येतात कुठून?" घाबरलो की माझी वऱ्हाडी सुटते. "सर, संत्र्यानं भरलेल्या दोन बंड्या, म्हंजे बैलगाड्या, शेजारून चालल्या. एका गाडीवानानं दुसऱ्याकडं तंबाखूची चंची फेकली, ते चंची म्हंजे पायॉन कण. दोघाईले हिसका बसते, अन् संत्रे उसळून पडते." "संत्री आधीच बंडीत असतात, हे नवे कण आधी नसतात. बंडी सोडा, नाहीतर नापास!" "मंग बंडी रिकामी धरा, सर. हिसक्याच्या ऊर्जेतूनच संत्रे बनते. बंडी मी नाई सोडत," म्हणत मी फळाभर गणित मांडलं. काठावर पास झालो. मुलांना हे सांगताना 'काठावर' मी गाळतो. बंडी मात्र सोडत नाही.