वळणावरचं माझं तोंड

कनेरगाव नाक्याकडं जाणारा आमचा रस्ता रुंद झाला तेव्हा गावात पेढे वाटले. मी घेतला नाही. चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी, पण रस्ता रुंद झाला की गाडीवाला ब्रेकावरचा पाय काढतो, एवढं मला कळतं. आमचं घर रस्त्याच्या अल्याड, शेत पल्याड, आणि मधी वळण. सकाळी म्हातारी दोन म्हशी घेऊन कडेला उभी राहते आणि ओरडते, "येऊ का?" तिला वळणापलीकडचं दिसत नाही. मला ओट्यावरून दिसतं. मी सांगतो, "थांब," नाहीतर "ये." उभ्या संसारात तिनं माझं ऐकलं ते एवढंच.

सरपंचाचा वाढदिवस आला आणि वळणावर घराएवढा बॅनर लागला. माझा रस्ता दिसेना. मी ग्रामसभेत उभा राहिलो.

ग्रामसेवक म्हणाले, "नियम आहे, आबा. वळणावर बॅनर लावताच येत नाही."

"मग काढा."

"काढायचा कोणी?"

बॅनरच्या खाली शुभेच्छुकांचे तीन ओळी फोटो होते, आणि ते सगळे फोटो माझ्यापुढं मांडी घालून बसले होते. ग्रामपंचायतीचा शिपाई दुसऱ्या ओळीत होता.

"मी काढतो," मी म्हणालो. "माझा न्हाई त्याच्यावर फोटो."

सरपंच हसला. "आबा, तीच तर आमची चूक झाली."

आठवडा गेला नाही तोच जुना बॅनर उतरला आणि त्याच जागी नवा चढला. वाढदिवस होऊन गेला होता, म्हणून ह्यावर रस्त्याच्या विकासाचं अभिनंदन. सरपंचाच्या शेजारी मी. नातवाच्या लग्नातला फेटा, आणि डोळ्यांवर काळा चष्मा, तो फोटोवाल्यानं पदरचा घातलेला. खाली लिहिलं होतं 'मार्गदर्शक'.

म्हातारी बघून म्हणाली, "ह्यो कोन पाहुना?"

"मी हाय."

"काहून खोटं बोलता? तुमी कधी हसता व्हय?"

पण तोंड चांगलं आलं होतं. बसमधली माणसं माना वळवून बघायची. हाटेलात कुणी मला चहाचे पैसे देऊ देईना. "आबा, बॅनर कवा काढता?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "वारा पडू द्या जरा." रस्त्याचं मी कानावर भागवत होतो. गाडीचा आवाज नसला की "ये".

एका सकाळी देवळातला भोंगा जोरात चालू होता. म्हातारी ओरडली, "येऊ का?" मी बघितलं तर समोर मीच, चष्मा घालून हसून राहिलो होतो. म्हणालो, "ये."

उसाचा ट्रक आला. ब्रेक असे लागले की थोरली म्हैस भिऊन रस्त्यातच बसली. म्हातारी हातभर अंतरानं वाचली. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "किसने बोला आने को?"

म्हातारीनं बॅनरकडं बोट केलं. "त्यानं."

मी विळा घेऊन गेलो. दोऱ्या सगळ्या कापल्या. सरपंच मोटरसायकलवरून आला, मागच्या सीटवर ग्रामसेवक.

"आबा, आमचे पण फोटो हायेत त्याच्यावर!"

"तुमचे तुमी ठेवा. मी माझं तोंड काढून राहिलो. तुमची तोंडं त्याला चिकटून आली तर माझा काय इलाज?"

सरपंचानं ग्रामसेवकांकडं बघितलं. ते म्हणाले, "ज्याचा फोटो त्यानं काढू नये, असा काही नियम नाही, साहेब."

पुढच्या ग्रामसभेत वळण मोकळं ठेवायचा ठराव झाला. सगळ्यांनी हात वर केले, कारण आता काढायला काही उरलंच नव्हतं. नवे बॅनर पंचायतीच्या भिंतीला लागतात. त्यांच्यावर मी नसतो. मी विचारायलाही गेलो नाही.

ते फ्लेक्स आम्ही गोठ्यावर टाकलं. तोंडाची बाजू मीच आत करायला लावली, उन्हानं रंग जाऊ नये म्हणून. म्हातारीचं म्हणणं, तेव्हापासून म्हशी दूध चोरून राहिल्या.

आज सकाळी ती कडेला उभी राहिली. "येऊ का?"

मी वळणापलीकडं लांबवर बघितलं. "ये."

ती जागची हलली नाही. "कोन बोलून राहिलं? चष्म्याचा का बिनचष्म्याचा?"

"बिनचष्म्याचा. ये आता."

मग आली.