खऱ्या कागदावरची रेघ

दिव्याखाली अंधार बघायचा असेल, तर कुवेत शहराच्या शर्क भागातल्या आमच्या कंपनीत या. आम्ही कुवेतभर लेझर प्रिंटर दुरुस्त करतो, आणि आमच्याच प्रिंटरमधून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर उजवीकडे वरपासून खालपर्यंत काळी रेघ येते. मी इथला अकाउंटंट. मला तर ती दिसेनाशीच झाली होती.

नौमान परकारला ती दिसली. हा आमचा मेकॅनिक, दापोलीकडचा, मंगफला तिघांच्या खोलीत राहणारा. ठरावीक अंतरावर तोच ठिपका उमटला की रोलर बघायचा, हे त्याला झोपेतही कळतं. पण दिवसभर गिऱ्हाइकांकडे फिरणारा हा माणूस ऑफिसच्या प्रिंटरकडे कधी फिरकला नव्हता. बायकोला, शहरबानूला, इकडे आणायचं म्हणून त्याला पगाराचा दाखला हवा होता. तो मी छापून दिला आणि तो हादरलाच. असल्या डागाळलेल्या कागदावर बानूला व्हिसा कोण देणार? त्यानं छपाई मध्येच थांबवून झाकण उघडलं. शाईची पावडर कागदावर पक्की व्हायच्या आधीच रेघ हजर होती, म्हणजे चरा ती पावडर उतरवणाऱ्या ड्रमवर. त्यानं ड्रम बदलला आणि दाखला स्वच्छ निघाला.

आमचे मंदूब फारूकभाई कंपनीचे कागद सरकारी कचेऱ्यांत नेतात. त्यांनी दाखला उजेडात धरला आणि न्यायला साफ नकार दिला. आजवर रेघेचा एकही कागद परत आला नव्हता. बिनरेघेचा म्हणजे नकलीच दिसणार. नौमाननं पट्टी धरून पेनानं रेघ मारली. फारूकभाईंनी थुंकी लावून ती पसरवून दाखवली. जुना ड्रम कचऱ्यात गेला होता.

मला हसू आवरेना. नौमानच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

"हसू नका, साहेब. बानूनं बॅग भरून ठेवलीय. तिला काय सांगू, कागद लय चांगला झाला म्हणून?"

मग त्यानं नव्याकोऱ्या ड्रमला स्वतःच्या हातानं पॉलिश पेपर लावला. रेघ जागेवर उतरल्यावर फारूकभाई प्रसन्न झाले. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, कडा नीट कापल्या आणि अर्ज ऑनलाइन पाठवला. कडेबरोबर रेघही कापली गेली.

व्हिसा आला, शहरबानू आली. रेघ फोटोत गेलीच नव्हती, ही गंमत मी नौमानला सांगितली आणि नवा ड्रम मागवला. तो बसवायला नौमान तयार नाही.

"मशीन मला कळतं, साहेब," तो म्हणाला. "पण माझी लेक झरीन अजून तिकडेच हाय, तिचा कागद जायचाय."