भिमाआप्पांनी कळप वाटला

भिमाआप्पा ठोंबरे एकाहत्तर वर्षांचे. गाव शिरूर तालुक्यातलं, पण दिवाळीनंतरचे सात महिने संसार घोड्यांच्या पाठीवर. सहा बिऱ्हाडं, साडेसातशे मेंढरं आणि मुक्काम ठरवणारा एकच थोरला. शेतकऱ्याशी बोलून कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, हे आधी त्यांचे वडील ठरवत, नंतर आप्पा.

यंदा माघात पाटसजवळ ऊस तुटलेल्या रानात तळ पडला. तिथं आप्पांना दिसलं की पुतण्या पोपटराव आणि त्याच्या जोडीच्या दोन बिऱ्हाडांच्या मेंढरांच्या पाठीवर लाल पट्टा आहे. साऱ्या कळपाची खूण निळी. आप्पा गप्प राहिले. बापानं राखलेला कळप आपल्या हयातीत भांडून फुटणार, ही चार वर्षांपासूनची धास्ती मात्र आता पक्की झाली.

नात अंकिता बी.ए.च्या अभ्यासाला पालाशेजारी बसली होती. सातवाहनांचं साम्राज्य का मोडलं, याची कारणं ती मोठ्यानं घोकत होती. लांबचे सरदार स्वतःची नाणी पाडू लागले, हे ऐकून आप्पांनी मान वर केली.

"तवा राजा काय करत व्हता गं?"

"लढायांनी थकला होता, आप्पा."

"नाणं येका दिसात पडत न्हाई. आधी लोक राजाला इचारायचं सोडत्यात. त्याला ते कळलं न्हाई, का कळून गप बसला?"

"पुस्तकात नाही दिलं."

"मग काय शिकवत्यात तुला?"

सकाळी त्यांनी पोपटरावला बोलावलं. आता काठी बसणार, या तयारीनंच तो आला.

"लाल पट्टा कशापायी?"

"माझी मेंढरं लांब चरत्यात, आप्पा. तुमचा निरोप येईस्तोवर दुपार व्हती. शेतकरी मलाच फोन करत्यात. आन् एवढ्या मेंढरांत मागच्यांना चारा उरत न्हाई."

या मेंढपाळांत एक रीत आहे. भांडून निघालेला पायी जातो. थोरल्यानं पाठवलेल्याला घोडी मिळते, आणि वाटेतल्या गावांत त्याला थोरल्याचा माणूस म्हणून जागा मिळते. आप्पांनी पांढऱ्या घोडीचं दावं सोडून पोपटरावच्या हातात दिलं.

"तीन बिऱ्हाडं घे. दौंडाकडची रानं तुझी."

पोपटरावला खरं वाटेना. "थट्टा करताय व्हय?"

आप्पांची बायको गीताबाई चुलीपासून ओरडली, "घोडी देत्यात, नवरदेव न्हाई करत तुला! धर की दावं!"

सगळे हसले. पोपटराव आप्पांच्या पाया पडला. मेंढरं वेगळी करता करता दुपार झाली. दोन-चार निळी लालांत गेली, ती आप्पांनी पाहिली आणि जाऊ दिली.

कळप कालव्यापलीकडं दिसेनासा झाल्यावर गीताबाईनं विचारलं, "वाईट वाटलं का?"

"न्हाई," आप्पा घोंगडीवर आडवे होत म्हणाले. "चार वरसं झाली, रोज सकाळी भांडणाची वाट बघत उठत व्हतो. आज झोपतो जरा."