खंडेनवमीचं गोमूत्र

खंडेनवमीचा दिवस. रोज ज्या सोल्डरिंग आयर्नवर मी काम करायचे, त्याच्यावर मालकीनबाईनं गोमूत्र शिंपडलं. माझ्यासमोर. मंग फडक्यानं मूठ घासून पुसली आन ते पाटावर, झेंडूच्या फुलात ठिवलं.

मला म्हनली, "तू उंबऱ्याच्या बाहेर थांब. पूजा होऊ दे."

आम्ही बौद्ध. त्यांचा बंगला सिडकोत, मागच्या खोलीत कारखाना. वाळूजला नव्या कंपन्या आल्या व्हत्या. त्यान्ला लागनारे बारके बोर्ड मालक घरीच बनवायचा. तांब्याच्या पाट्या ॲसिडात बुडवायचा, रेघा उमटायच्या. त्या रेघांवर पार्ट चिकटवायचं काम माझं. पार्ट म्हंजे तिळाएवढा. चिमट्यानं धरायचा, दम रोखायचा, तापल्या आयर्ननं कथलाचा थेंब टेकवायचा. श्वास सुटला की पार्ट उडाला. मंग वल्या बोटानं फरशी चाचपायची. दिसभर मान वाकडी, डोळ्यात धूर. नवरा कंबर मोडून खाटंवर. घर माझ्या हातावर. म्हनून खिडकीतून दिलेला, दांडी तुटल्या कपातला चहा बी गप पीत व्हते.

तव्हा विद्यापीठाच्या नामांतराचं चालू व्हतं. वस्तीतली मानसं मोर्च्याला जायची. मी कामाला.

त्या दिवशी उंबऱ्याबाहेरून इचारलं, "बाईसाहेब, माझं आयर्न का धुतलं?"

"देवाचं काम आहे. शुद्ध करावं लागतं."

मालक हसला. "यांना विद्यापीठाचं नाव बदलायचंय. नाव बदलून हात बदलतात का?"

मी हाताकडं पाह्यलं. बोटं चटक्यांनी काळी पडलेली. त्याच्याच कामानं.

उंबरा वलांडून आत गेले. तयार बोर्डांचा ट्रे उचलला आन पाटापुढं ठिवला.

"ह्याच्यावर बी शिंपडा. समदे माझ्याच हातचे हायेत."

मालकीनीनं तांब्या उचललाच. मालक म्हनला, "अगं थांब, ओलं झालं की माल वाया जाईल सगळा."

"व्हय का. म्हंजे माल बाटला नाय. मीच तेवढी बाटलेली."

मालकानं ट्रे छातीशी धरला, लेकरू धरावं तसा. "उद्यापासून येऊ नको."

"उद्या कशाला? आत्ताच निघाले."

घरी नवरा म्हनला, "आता खायचं काय?" शेजारनीकडून पीठ मागून आनलं. लई दिवस मागून आनलं. मोर्च्यात मातर जायला लागले.

पुढं दुसरीकडं तेच काम केलं. पन चिमटा धरायच्या आधी तिथल्या मालकाच्या माठातलं पानी माझ्या हातानं घ्यायचे. कुनी तोंड वाकडं केलं की उठायचे. एक-दोन ठिकानचं काम तसंच सुटलं.

आता डोळ्याला सुईचं नाकं बी दिसत नाय. सून म्हनते, "आत्या, सोडा ना, जुनं झालं."

नाय झालं जुनं. ज्याला माझ्या हातचं चालतं, त्याला माझा हात चालला पायजे. चालत नसंल तर उपाशी राहीन. राहून पाह्यलंय.