रवळू मिस्त्रीनं न वाजवलेली जागा

निपाणीत रवळू मिस्त्रीला ओळखत नाही असा लॉरीवाला नव्हता, आणि त्याच्याशी एकदा तरी भांडला नाही असाही नव्हता. माणूस मूळचा खानापूरकडचा लोहार. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवता चढवता जंगलातलं लाकूड ओढणाऱ्या लॉऱ्यांच्या नादी लागला आणि शेवटी निपाणीत, तंबाखूच्या वखारींमागं पत्र्याची शेड टाकून बसला. अक्षरशत्रू होता, पण कान असा की लॉरी चौकात असतानाच शेडमधून म्हणायचा, "तिसऱ्या शिलिंडरचं काम हाय." आणि उघडून बघितलं की काम तिसऱ्याचंच निघायचं. असला कान असलेला माणूस नम्र राहील, ही अपेक्षाच चुकीची.

त्याची एक रीत होती. इंजिन उघडलं की ते रॉकेलनं लख्ख धुवायचं आणि लहान हातोडीनं इंचाइंचावर वाजवत जायचं. बायका कुंभाराच्या दारात मडकं वाजवून घेतात ना, अगदी तसं. धड लोखंड खणखणतं, चीर गेलेलं बद्द बोलतं. "वाजवून घेनाऱ्या बाईला कुंभार फशिवत न्हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेडमध्ये येणाऱ्यांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

सन चव्वेचाळीसच्या दसऱ्यानंतर चार दिवसांनी दोन बैलजोड्या जुंपून एक लॉरी त्याच्या शेडमध्ये ओढत आणली. कोगनोळीच्या बाबगोंडा पाटलाची. लढाईमुळं पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, म्हणून तीही इतरांसारखी मागं कोळशाची भट्टी लावून गॅसवर चालायची. त्या राखेनं आणि डांबरानं इंजिनाची आतडी खाऊन टाकली होती. तवंदीच्या घाटात, ऐन वळणावर, तंबाखूचे बोद भरलेले असताना ते बंद पडलं. ब्रेकनं दाद दिली नाही. लॉरी उलटी वीस हात घसरली आणि मागचं चाक कठड्याच्या दगडाला अडलं, म्हणून ड्रायव्हर ज्योतिबा आज बोलायला जिवंत होता.

"आता हे इंजिन नगं," ज्योतिबा म्हणाला. "बेळगावात मारुतीराव भंगारवाल्याकडं एक हाय. दिवाळी पाडव्याच्या सांजपातूर ठेवतो म्हनलाय, मग दुसऱ्याला दिनार. तेच बशिवू या."

बाबगोंडा आईकडं बघत होता. चंपाबाई बैलगाडीतून उतरून लॉरीला हात लावून उभी होती. ही लॉरी तिच्या थोरल्यानं, पार्श्वनाथनं आणलेली. आणल्या वर्षाच्या खंडेनवमीला त्यानं इंजिनावर स्वतःच्या बोटानं हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पुढच्या पावसाळ्यात विषमज्वरानं तो गेला. तेव्हापासून दर खंडेनवमीला चंपाबाई त्याच रेघांवरून बोट फिरवायची, वरून तुपाचा हात द्यायची. आठ वर्षांत त्याचा चांगला जाड थर झाला होता.

"मिस्त्री, तुमी म्हनशिला तसं," बाबगोंडा म्हणाला.

रवळूनं अजून झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. शहाणा माणूस म्हणाला असता, बघून सांगतो. पण ज्योतिबाच्या तोंडून एक वाक्य निसटलं, "मिस्त्रीनं हात लावला म्हनून म्हातारी काय तरणी हुनार हाय?" झालं! ठिणगी पडली.

"बांधतो," रवळू म्हणाला. "हेच इंजिन नवं करून देतो. पाडव्याला सगळं घर लॉरीत बसवा आनि घाट चढून स्तवनिधीला दर्शनाला चला. म्या सोता म्होरं बसतो."

चंपाबाईनं डोळ्यांना पदर लावला. त्या पदरानं रवळूला आणखीच बांधून टाकलं.

सोळा-सतरा दिवस त्यानं दिवस-रात्र पाहिली नाही. कोल्हापूरहून सिलिंडर घासून आणले, पांढरा धातू वितळवून बेअरिंगा ओतल्या. बायकोची, गुणाबाईची, काजळाची डबी आणून इंजिनाच्या फिरत्या दांड्याला काजळ फासायचं, दांडा बसवून फिरवायचा, जिथं काळं लागलं तिथं धातू खरवडायचा, पुन्हा फासायचं. दिवसाला शंभर वेळा. गुणाबाई म्हणाली, "माझ्यापरास त्या लोखंडालाच नटवा." तो हसला नाही. घाटातलं ते वळण त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

इंजिन त्यानं नेहमीसारखंच धुतलं, नेहमीसारखंच वाजवलं. सगळीकडून खणखणलं. फक्त तळहाताएवढी एक जागा सोडली. स्वस्तिकाला रॉकेलचं फडकं कसं लावायचं? आणि देवाच्या खुणेवर हातोडी कोण मारणार? गेलेल्या पोराच्या हातचं ते. रवळूनं उलट त्या जागेला हात जोडले आणि पुढं गेला. यात आपण काही चुकतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. आपल्याकडच्या कुठल्याच मिस्त्रीच्या आलं नसतं.

ज्योतिबानं एकदा सांगितलंही होतं, "मिस्त्री, ही वरीसभर पानी लई पीत हुती." रवळू म्हणाला, "जुना रेडिएटर, दुसरं काय?" आणि रेडिएटरला डाग देऊन मोकळा झाला.

पाडव्याच्या सकाळी कोगनोळीहून दोन बैलगाड्या आल्या. चंपाबाई, सून राजमती, जावा-नणंदा, लेकरं, मिळून चौदा माणसं. नव्या लुगड्यांचा वास, नारळ, तांदळाची ताटं. लॉरीच्या हौद्यात जाजम अंथरलं होतं. ज्योतिबानं भट्टी पेटवली, पंखा फिरवला, गॅस धरला. इंजिन एका हिसक्यात सुरू झालं आणि असं एकसुरात बोलू लागलं की बाबगोंडानं मिस्त्रीचे दोन्ही हात धरले. बायका चढायला लागल्या.

"जरा तापू द्या," रवळू म्हणाला आणि शेवटची नजर टाकायला इंजिनावर वाकला.

कुंकू ओलं होतं.

इतके दिवस सुकून विटकरी पडलेलं कुंकू आज ताजं लावल्यासारखं लालभडक दिसत होतं. त्यानं बोट लावलं. बोट भिजलं. तूप असेल, त्यानं मनाशी म्हटलं, उष्णतेनं वितळलं असेल. त्यानं बोट जिभेला लावलं. पाणी होतं. गंजाच्या चवीचं, कोमट पाणी.

स्वस्तिकाखाली चीर होती. उभ्या गाडीत एवढी पाझरते, तर घाटात तापल्यावर उघडणार. पाणी गळून जाणार, नव्या घट्ट बेअरिंगा धरणार आणि इंजिन जागच्या जागी जाम होणार. तेही त्याच वळणावर, मागं दरी असताना. या खेपेला हौद्यात तंबाखूचे बोद नव्हते.

आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगायचं, त्याच्या मनात दुसराही विचार आला. नवसागर आणि लोखंडाचा कीस पाण्यात कालवून चिरेत भरला की गंजून घट्ट धरतो. अर्ध्या तासाचं काम. वरून पुन्हा कुंकू. कुणाला कळणार? स्तवनिधी काही फार लांब नाही. एवढी एक खेप निभावली, बायका उतरल्या, की मग निवांत काहीतरी सबब सांगता येईल. वीस वर्षं कमावलेलं नाव एका सकाळी ज्योतिबाच्या पायाशी टाकायचं का? तो डबीपर्यंत गेलासुद्धा. नवसागराची डबी हातात घेतली.

हौद्यातून राजमतीचं तान्हं रडलं. कुणीतरी त्याला "घाट बघायचा न्हवं आपल्याला?" म्हणून गप्प करत होतं.

रवळूनं डबी ठेवली आणि रॉकेलचं फडकं उचललं.

"ज्योतिबा, बंद कर," तो म्हणाला. "समद्यास्नी खाली उतरवा."

चंपाबाई उतरून पुढं आली. त्याच्या हातातलं फडकं आणि त्याची नजर कुठं आहे हे तिनं बघितलं.

"त्येला हात लावू नगा, मिस्त्री," ती म्हणाली.

"आक्का, ह्याच्या खाली चीर हाय."

"माझ्या पार्श्वाची तेवढीच खूण ऱ्हायलीया. पाडव्याच्या दिशी पुसता व्हय? काय वंगाळ घडलं म्हंजे?"

"न्हाय पुसलं तर घडंल." रवळू म्हणाला. "म्या वाजवलं न्हाय तितं. समदं इंजिन वाजवलं आनि तेवढं सोडलं. बघायच्या आदीच जबान दिली. चूक माजी हाय, आक्का. म्या तुमास्नी घाटात न्यायाला निघालतो."

ज्योतिबाला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तो भट्टी विझवायला मागं गेला. रवळू फडकं पुढं करून तसाच उभा होता. त्याच्यानं ते टेकवेना.

चंपाबाईनं त्याच्या हातातून फडकं घेतलं. त्या लाल खुणेकडं बघत ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली, बहुधा नवकार मंत्र म्हणत असावी. मग तिनं एका कडेनं पुसायला सुरुवात केली. आठ वर्षांचा थर, सहज निघेना. तिनं नखानं खरवडला. हळद गेली, कुंकू गेलं, खाली काळं लोखंड दिसलं आणि त्यावर बोटभर लांब, केसासारखी चीर. चिरेतून पाण्याचा थेंब फुगला आणि ओघळला.

रवळूनं हातोडी घेतली आणि सगळ्यांदेखत तिथं एकदा मारली. बद्द आवाज आला.

"अण्णा, धा वाजता बेळगावची सर्विस मोटार हाय," तो बाबगोंडाला म्हणाला. "मारुतीरावांचं इंजिन आज सांजपातूर हाय. म्या येतो संगं. ह्या खेपेला वाजवून घेतो, मग बोलतो."

इंजिन मिळालं. जुन्या इंजिनात घातलेल्या नव्या रिंगा आणि आणखी जे जे बसेल ते रवळूनं त्यात चढवलं, मजुरीचा विषय त्यानं काढू दिला नाही. निपाणीत व्हायची ती चर्चा झालीच. मिस्त्रीचं इंजिन मिस्त्रीनंच फेटाळलं म्हणून चौकात लोक हसले. तो भांडायला गेला नाही, यावरूनच लोकांनी ओळखलं की त्याला किती लागलंय.

कार्तिकी पौर्णिमेला तीच चौदा माणसं पुन्हा आली. रवळू पुढं बसायला निघाला तेवढ्यात चंपाबाई हळद-कुंकवाची वाटी घेऊन इंजिनापाशी आली. तिनं बोट कुंकवात बुडवलं, लोखंडाजवळ नेलं आणि थांबली. मग वळून तिनं विचारलं,

"मिस्त्री, तुमीच जागा दावा. जितं तुमास्नी कदी बगावं लागत न्हाय अशी."

रवळूनं इंजिनावरून नजर फिरवली. इंजिनावर अशी जागा नव्हती. त्यानं तिला हाताला धरून ड्रायव्हरच्या बाजूला नेलं आणि दाराची लाकडी फळी दाखवली.