दिगंबरच्या घराचं इन्स्पेक्शन

नोकरीत असताना किस्से साहेबांचे असायचे. रिटायर झाल्यावर ते बाथरूमचे होतात. मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार म्हातारे सकाळी बाकावर बसले की कूलरच्या टाकीत क्षार साचावेत तसे साचत जातात. खरवडायचा कंटाळा येतो, म्हणून सांगून टाकतो.

आम्ही चौघं एकाच ऑफिसातले. हेडक्लार्क रामभाऊ, स्टोअरचे शंकरराव, डिस्पॅचचा दिगंबर आणि मी. दिगंबरचं नागपुरात हुडकेश्वरला स्वतःचं दुमजली घर आहे. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून तो एकटाच राहतो. या पावसाळ्यात बाथरूममध्ये घसरला आणि उजवं मनगट मोडून बसला. मुलगी सुषमा पुण्याहून धावत आली. ती पुण्यात पुण्याचं बोलते, चिडली की नागपूरचं.

"बाबा, दिवाळीले येऊन राहिली मी. घर पाहीन. तुम्हाला एकट्यानं राहण्यासारखं नसलं, तर सरळ बॅग भरायची!"

ती गेल्यावर दिगंबर आमच्यापुढे रडकुंडीला आला. "बाराव्या मजल्यावर राहते गा ते. खाली पाहिलं का चक्कर, वर पाहिलं का देव. मले इथंच राहू द्या."

*

रामभाऊंना 'पाहीन' या शब्दात इन्स्पेक्शन ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी ते फाइल घेऊन हजर! विषय: 'श्री. दिगंबर यांचे पडणे व तदनुषंगिक बाबी.' पहिली टिप्पणी: 'संबंधितांकडून पडण्याची कारणे लेखी मागवावीत.'

संबंधिताचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्यानं डाव्या हातानं, पाव तास खपून, एकच शब्द लिहिला: 'साबण.'

रामभाऊंनी चष्मा सावरून तो वाचला आणि खाली शेरा मारला: 'खुलासा समाधानकारक नाही.'

*

मग बाथरूममध्ये धरायला रॉड बसवायचा ठरलं. मिस्त्रीनं विचारलं, "हाइट किती ठेवू काका?"

शंकरराव सहा फुटी, दिगंबर जेमतेम पाच. प्रत्येकानं भिंतीपाशी उभं राहून आपापल्या सोयीची खूण केली. आमच्या ऑफिसात वादाचा निकाल नेहमी सरासरीनं लागायचा. इथंही आम्ही चार खुणांची सरासरी काढली. रॉड बसला. दिगंबरला तो उंच पडला, शंकररावांना ठेंगणा.

मिस्त्री हत्यारं गोळा करता करता म्हणाला, "चौघं सोबत आंघोळ करून राहिले असाल, तं एकदम बराबर हाये!"

रॉड काढून दिगंबरच्या मापानं खाली बसवला. टाइलला पडलेली आधीची भोकं अजून आहेत. दिगंबर त्यात टूथब्रश खोचतो.

*

उंबरठा काढून तिथं उतार करायचा होता. शेजारच्या काकू कंपाउंडवरून ओरडल्या, "काहून पाडून राहिले जी? उंबरठा नसला तं लक्ष्मी कुठून येईल?"

"तिचेही गुडघे दुखतच असतील काकू," शंकरराव म्हणाले, "उतारावरून येईल!"

*

बाथरूमची आतली कडी काढणं आवश्यक होतं. आत पडला, तर दार तोडायला आमच्यापैकी कोणात ताकद आहे? पण कडी नाही म्हटल्यावर आत कोणी आहे हे कळणार कसं? रामभाऊंनी साहेबांच्या केबिनबाहेर असायची तशी सरकती पाटी आणून लावली. एका बाजूला 'आत', दुसऱ्या बाजूला 'बाहेर'.

दिगंबरनं तीस वर्षं टेबलावरची पाटी 'आत' ठेवून कँटीनमध्ये चहा प्यायलेला. हात वळणावर गेला. पाटी एकदा 'आत' सरकली ती सरकलीच.

तिसऱ्या दिवशी कामवाल्या सुनीताबाईनं कमरेवर हात ठेवून त्याला गाठलं. "बाबूजी, मी बाथरूम धुवू कवा? तुमी तं तीन दिवसांपासून आतच हाय!"

*

खरं सांगायचं तर आम्ही थकलो होतो. पूर्वी इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात सकाळी नऊला बसायचो ते दिवे लागेपर्यंत. आता एक स्टूल सरकवलं की अर्धा तास बसावं लागतं, आणि तेही त्याच स्टुलावर.

एकदा घरी परतून मी नुसता आडवा झालो. बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "दिगंबरभाऊजींचं घर झालं का म्हाताऱ्यांना राहण्यासारखं? मग आता आपल्याकडे या. इथले म्हातारे गळका नळ घेऊन बसले आहेत!"

*

दिवाळीच्या दोन दिवस आधी सुषमा आली. आम्ही तिघं सकाळपासून दिगंबरच्या हॉलमध्ये, इस्त्रीचे शर्ट घालून. रामभाऊंच्या मांडीवर फाइल.

तिनं रॉडला लोंबकळून पाहिलं. ओल्या पायानं बाथरूमभर चालली. उतारावरून दोनदा गेली-आली. तिच्या कपाळावरची आठी उतरली.

"पास दिसते," रामभाऊ माझ्या कानात कुजबुजले.

तेवढ्यात ती म्हणाली, "चादरी वरच्या कपाटात आहेत ना बाबा?" आणि जिना चढून गेली.

वरचा मजला फाइलीत नव्हता. 'मी आता खालीच झोपतो,' असं दिगंबरनं लिहून दिलं होतं. लेखी असलं की आम्ही तपासत नाही. मी दिगंबरकडे पाहिलं, तर तो जमिनीकडे पाहत होता.

सुषमा खाली आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात चष्मा.

"हा वर आईच्या पलंगावर कसा?"

रामभाऊंनी उभ्या सर्व्हिसमध्ये दुसऱ्याची चूक अंगावर घेतली नव्हती. ते ताडकन म्हणाले, "माझा आहे!"

"काका, तुमचा चष्मा तुमच्या नाकावर आहे."

"काहून जाता वर, बाबा?" तिचा आवाज चढला नाही, पण भाषा नागपूरची झाली. "सतरा पायऱ्या हायेत. एका हातात तांब्या घेऊन चढता?"

"खाली झोप नाही येत वं."

"अन् वर येते?"

दिगंबर प्लास्टर निघालेलं मनगट चोळू लागला.

"वरही नाही येत," तो म्हणाला. "पण वर नाही आली तं चालते."

सुषमा खालच्या पायरीवर बसली. ओढणीनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि बापाच्या हातात दिला. मग तिनं रामभाऊंकडून मिस्त्रीचा नंबर मागून घेतला. रामभाऊंनी पेनाला टोपण लावलं, फाइलची नाडी बांधली.

"हॅलो, भाऊ? हुडकेश्वरवरून बोलून राहिली, दिगंबरकाकांची मुलगी. जिन्याले रेलिंग लावून पाहिजे. हो, उद्याच या. नाही, एका बाजूनं नाही, दोन्हीकडून. पार वरच्या पायरीपर्यंत."