सात जण उभे राहिले तर

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमचं अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं गाव शाळेच्या हॉलमध्ये जमतं आणि वर्षभराचे निर्णय स्वतःच घेतं. निवडून दिलेला कोणी आपल्या वतीने बोलत नाही. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं, तीन मिनिटं बोलायचं, मग मत द्यायचं. ओर्फा टटल या सभेच्या अध्यक्ष. एकतीस वर्षं. अध्यक्षाने स्वतःचं मत सांगायचं नसतं, आणि ओर्फाबाई इतक्या कडक की नवरा जिवंत होता तेव्हा त्यालाही त्यांनी वाक्य अर्धं असताना खाली बसवलं होतं.

एरवी त्या मेपलच्या झाडांचा रस कढईत आटवून पाक करतात. हंगामात मी मदतीला जाते. त्यांच्या शाळेतला सोबती डेल्विन स्प्रेग तिथे येऊन बसायचा आणि दोघांचं एकच भांडण चालायचं.

"तुझी लोकशाही म्हणजे काय, ओर्फा? दोनशे हात वर झाले की माझं घर गेलं. आपला देश प्रजासत्ताक आहे. कायदा आधी, डोकी नंतर."

"कायदा केला कोणी? डोक्यांनीच ना?"

"निवडलेल्या, शहाण्या डोक्यांनी."

"तुलाही एकदा निवडलं होतं. त्या शहाणपणाचं काय झालं ते हिला सांगू का?"

शाळेत सव्वीस जानेवारीला आम्ही लोकशाही आणि प्रजासत्ताक हे शब्द एका दमात म्हणायचो. त्यांच्यात भांडण लावता येतं हे मला इथे कळलं. ओर्फाबाई कढईखालची लाकडं सारत म्हणायच्या, "आग हवीच. पण कढईला काठ नसेल तर सगळा रस आगीतच जाईल. याला नुसता काठ हवाय."

यंदा डेल्विनचा रस्ताच सभेपुढे आला. टेकडीवरच्या त्या दोन मैलांत घर एकच, त्याचं. रस्ता 'टाकून द्यावा', म्हणजे गावाने तिथला बर्फ काढणं बंद करावं, असा ठराव वेंडेल हॉबर्टने मांडला. ठराव झाला की डेल्विन आणि त्याची बायको आयडेला यांना हिवाळ्यात तिथे राहता येणार नाही. मेंढ्या विकायच्या आणि शहरात मुलीकडे जायचं. त्या सकाळी देवापुढे दिवा लावताना मी त्या दोघांचंच नाव घेतलं.

डेल्विन बोलायला उठला आणि तीनही मिनिटं त्याने देशाच्या घटनेवर घालवली. आयडेलाचं नाव नाही, मेंढ्यांचं नाही. ती शेजारून त्याचा कोट ओढत होती. "वेळ संपली," ओर्फाबाई म्हणाल्या.

मत आवाजाने घेतात. "हो" जोरात आलं. "नाही" असं पुटपुटल्यासारखं, कारण "हो" म्हणणाऱ्या शेजाऱ्यासमोर त्याच्याविरुद्ध ओरडायचं म्हणजे उद्या त्याचं तोंड बघायचं असतं.

आता एकच वाट होती. सात जण उभे राहिले तर गुप्त चिठ्ठ्या द्याव्याच लागतात, बाकी सगळ्या गावाची इच्छा असो नसो. आयडेला उठली. डेल्विन, मी, आणखी तिघं. सहा. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या, पण कोणी उठलं नाही.

ओर्फाबाईंनी सभा चालवायची हातोडी शेजारच्या कारकुनाच्या हातात दिली, गुडघा धरत मंचाच्या तीन पायऱ्या उतरल्या आणि पहिल्या रांगेपाशी उभ्या राहिल्या. "सात."

"अध्यक्षबाई, तुम्ही बाजू घेताय," वेंडेल म्हणाला.

"मी कागद मागतेय, वेंडेल. तुलाही एक मिळेल."

चिठ्ठ्या मोजेपर्यंत मी मनात नाम घेत होते. ठरावाच्या बाजूने चौऱ्याऐंशी, विरुद्ध एक्क्याण्णव. रस्ता राहिला.

जेवणाच्या रांगेत डेल्विन लगेच सुरू झाला. "बघ. शेवटी नियमानेच वाचवलं."

"एक्क्याण्णव माणसांनी वाचवलं, गाढवा."

"सात उभे नसते तर?"

"आणि एक्क्याण्णव नसते तर?"

"दोघं गप्प बसा आणि बीन्स घ्या," आयडेला म्हणाली. तिचे डोळे अजून ओले होते.

मग डेल्विनने आवाज खाली आणून विचारलं, "तू काय लिहिलंस, ओर्फा?"

"ते गुप्त असतं," त्या म्हणाल्या आणि पाव वाढायला वळल्या. मला आजही माहीत नाही.

जेवणानंतर त्या वर गेल्या नाहीत. खालूनच म्हणाल्या, "मी आज खाली उतरले. पुन्हा त्या खुर्चीत बसावं की नाही हे मी ठरवणार नाही, तुम्ही ठरवा." कारकुनाने मत विचारलं. सगळा हॉल "हो" म्हणाला, वेंडेलसुद्धा.

"विरुद्ध?"

"नाही," डेल्विन एकटा म्हणाला. "असं मधेच विचारायचं नियमात कुठे लिहिलंय?"

आयडेलाने कपाळावर हात मारला. ओर्फाबाई पायऱ्या चढून खुर्चीत बसल्या, हातोडी घेतली आणि कारकुनाला म्हणाल्या, "त्याचा विरोध नीट लिहून घ्या. स्प्रेगचं स्पेलिंग चुकवू नका, नाहीतर तो त्यावरही बोलेल."